नावेवरचे टिंब

पाणीपट्टीच्या बिलावर वडिलांच्या जागी स्वतःचे नाव लावून घेण्यासाठी परवा मी अर्ज लिहीत होतो. कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टेकायला एकच फळी असल्यामुळे पंचाहत्तरीपुढचे एक गृहस्थ माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. स्वतःचा अर्ज बाजूला ठेवून ते माझाच वाचत होते.

‘‘होडी बदलायची आहे का तुम्हांला?’’ त्यांनी विचारले.

मी बावळटासारखा पाहत राहिलो.

‘‘विषयात तुम्ही ‘नाव बदलणेबाबत’ लिहिलंय. नाव म्हणजे होडी. डोक्यावर टिंब दिलं, की मग ते नांव.’’

उच्चारात नसलेली ही टिंबे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकली आणि त्या १४ नियमांत १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली तेव्हाही ती परत आली नाहीत, हे मी शक्य तितक्या नम्रतेने सांगितले.

‘‘ते झाले सरकारी नियम. मी शुद्ध काय ते सांगतोय,’’ असे म्हणून त्यांनी खिशातले हिरव्या शाईचे पेन काढले (निवृत्तीनंतरही काहींची हिरवी शाई सुटत नाही) आणि माझ्या अर्जावर असे दाबून टिंब दिले, की कागदाला भोक पडले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गृहस्थ घाईने भिंतीकडे वळले, त्यांचा आवाज खाली आला, तरी मला जे ऐकायचे ते ऐकू आलेच.

‘‘आरं, मोटार बंद कर म्हनलं न्हवं? समदं पानी वाया चाललंय!’’

मला झालेला आनंद शोभणारा नव्हता. अठराव्या वर्षी मी बार्शीहून पुण्यात आलो, तेव्हा मेसमध्ये ‘पानी’ मागितल्यावर अख्खे टेबल हसले होते. त्यानंतर महिनाभर न्हाणीघरात नळ सोडून मी ‘आणि, पाणी, लोणी’ घोकत असे, आणि त्यात किती पाणी वाया गेले, ते गृहस्थांच्या मोटारीलाच ठाऊक. तेव्हापासून दुसऱ्याचा ‘न’ मला रस्त्यापलीकडूनही ऐकू येतो. त्या दुकानात शिरतानाच ‘सुट्टे पैसे दयावेत’ या पाटीवरून मी पोऱ्याला जोडाक्षरांचा धडा दिला होता. गृहस्थांना चेव आला तो बहुधा तिथूनच.

पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर खिडकीतल्या बाईंनी भोकातून माझ्याकडे पाहिले आणि अर्ज परत केला. म्हणजे टिंब त्यांचे, पाच रुपये माझे आणि पुन्हा रांगही माझीच! शुद्धलेखन दुसऱ्याच्याच कागदावर का करावेसे वाटते, हे त्यांना विचारायला हवे होते; पण ते केव्हाच निघून गेले होते. पोऱ्याने नवा कागद देताना ‘‘सुट्टे द्‍-या-वेत’’ असे तीन तुकड्यांत ऐकवले.

दुसऱ्यांदा खिडकीशी पोहोचलो, तेव्हा बाई मान खाली घालूनच म्हणाल्या, ‘‘पानीपट्टीची पावती जोडलीय का?’’

‘‘पाणीपट्टीची ना? जोडली आहे,’’ मी ‘ण’वर चांगला भार देऊन म्हणालो.

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिले आणि मला सात नंबरच्या खिडकीकडे पाठवले.