जुनी सायकल दान करताना घ्यायची काळजी (स्वतःची)

तुमच्या बाल्कनीत एक सायकल असेलच, लॉकडाऊनमधी जोशात घेतलेली, गिअरवाली, आता तिच्यावर फक्त टॉवेल वाळतात. तिला कबाडीवाल्याला देऊ नका, तो किलोनं भाव लावतो आणि त्यात पुण्य धरत नाही. दान करा, आणि आमच्या विदर्भातच करा. इथं पोरींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे, फक्त एसटी यायला पाहिजे, त्यामुळं पायी जाणाऱ्या पोट्ट्या तुम्हाला फोटोसाठी पाहिजे तेवढ्या मिळतील.

पण घाई नको. सायकल आधी नीट पिकू द्या. चेन गंजून जाम झाली, ट्यूबला भेगा पडल्या, सीटमधून स्पंज बाहेर डोकावला की समजा वेळ झाली. चालती सायकल देणं म्हणजे घरात भांडणं. कुलूप असेल तर लावूनच द्या, चावी कुठल्या तरी ड्रॉवरमधी असेल, सापडली की पाठवता येते.

गाव कोणतं? डोळे झाकून मेळघाट. नाव सगळ्यांना माहीत आहे, ग्रुपवर टाकलं की कोणी "कुठं आलं हे?" विचारत नाही. शहरातले स्वेटर, ब्लँकेटं, अर्ध्या वापरलेल्या वह्या सगळं तिकडंच जातं, त्यात एक सायकल कोणाला जड होते. चिखलदऱ्याला घाट आहे आणि तुमच्या सायकलला ब्रेक नाही असं कोणी म्हटलं तर तो माणूस निगेटिव्ह आहे, त्याला ग्रुपमधून काढा.

अमेरिकेतल्या लोकांचं तर बिलकुल ऐकू नका. बोस्टनची बाइक्स नॉट बॉम्ब्स ही संस्था 1984 पासून या कामात आहे, निकाराग्वाला सायकली धाडण्यापासून त्यांची सुरुवात झाली, मंग 1991 मधी न्यू जर्सीत पेडल्स फॉर प्रोग्रेस निघाली. इतकी वर्षं करून शिकले काय, तर जुनी सायकल द्यायला आलेल्याकडूनच जहाजाच्या भाड्यासाठी पैसे मागतात. सायकल बी आपली आणि वरून पैसे बी आपलेच! आणि तिकडं पोचल्यावर फुकट वाटतात का, तर तेही नाही, तिथली संस्था स्वस्तात विकते आणि त्या पैशातून दुकान अन् मिस्त्री सांभाळते. याला काय दान म्हणतात? 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटायला वर्ल्ड बायसिकल रिलीफ सुरू झाली, त्यांनी तर जुन्याचा नादच सोडला, पुढं आफ्रिकेसाठी बफेलो नावाची एकच दणकट सायकल काढली, मागं 100 किलोचा बोजा घेणारी, आणि गावोगावच्या मिस्त्रींना शिकवून सुटे भाग बी मिळतील असं पाहिलं. घेणाऱ्याला काय लागते हे विचारत बसणारी माणसं, यांची बाल्कनी कधी रिकामी व्हायची.

आपलं सरकारही त्यातलंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकलीसाठी पैसे मिळतात, बाप त्यातून साधी लेडीज सायकल घेते, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं असलेली, जिचे छर्रे-वायसर तालुक्यात कुठंबी मिळतात. काही थ्रिलच नाही.

गावच्या मिस्त्रीला विचारायच्या भानगडीत पडू नका. आमच्या गावात अशी एक शहरातली सायकल आली. ट्यूबचा वॉल बारीक आणि लांबुळका, दुकानातला कॉम्प्रेसर मोटरसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची हवा भरते, याच्यावर नोझलच बसेना. टायर त्या मापाचा तालुक्यात नाही, नागपूरला मिळते म्हणे. मिस्त्री बिचारा दुपारभर बसला, गिअरचं लटकणारं लचांड काढून फेकलं, चेनच्या कड्या तोडून ती एका चक्रीवर बसवली, दप्तर ठेवायला मागं तारेनं फळी बांधली. मंग पाऊस पडला, पांदणीतली काळी माती टायरला अशी बसली की चाकच फिरेना, पोरगी काडीनं चिखल काढून काढून थकली आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन घरी आली. मिस्त्रीला विचारलं तर म्हणे, "सायकल मस्त हाय भाऊ, फक्त चालत नाई."

असली माणसं कार्यक्रमाला बोलावू नका.

कार्यक्रम मात्र दणक्यात करा, 3 जूनला. 2018 मधी संयुक्त राष्ट्रांनी हा जागतिक सायकल दिन ठरवला, आणि 2020 मधी याच दिवशी ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, एवढा शुभ मुहूर्त. विदर्भात तेव्हा ऊन मरणाचं असते आणि शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पोट्ट्या रिकाम्याच असतात, त्यांना सकाळीच मैदानात उभ्या करा, पाहुणे दुपारून येतील. बॅनर सायकलीपेक्षा मोठा पाहिजे. हँडल पोरीच्या हातात, सीटवर तुमचा हात, आणि टायरमधली हवा फोटोत दिसणार नाही असं फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा.

शेवटी पावती मागा, आयकरात सवलतीची, 80जी वाली. वस्तू दिली तर त्या कलमाखाली सवलत मिळत नाही, पैसेच द्यावे लागतात, हे संस्थेचा पोरगा तुम्हाला हळूच सांगेल. चिडू नका. सायकल परत नेण्याची धमकी तर अजिबात देऊ नका, पोट्टे खरंच डिकीत टाकून देतील, आणि घरी त्या जागेवर वहिनींनी आतापर्यंत कुंड्या मांडल्या असतील. त्यापेक्षा ट्रेडमिलचं बघा, ती कधीची पडून आहे, आणि लोडशेडिंगवाल्या गावात कोणी चालू करून पाहणारही नाही.