जर्मनीत शिक्षण पूर्ण फुकट? मेसेज अर्धाच खरा आहे

आपल्या नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की जर्मनीत सगळ्या युनिव्हर्सिटी फुकट, एक रुपया लागत नाही. असं नाहीये हो. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नसते हे खरं, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, हायडेलबर्ग वगैरे, २०१७ पासून आपल्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावलीय, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो.

शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे. ती फी नाही, पैसे मुलाचेच, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ मिळतात, पण इथे ती रक्कम उभी करावी लागतेच ना.

परवा कॉलेज रोडला एक काकू भेटल्या, हातात लेकाचं ऑफर लेटर, खूप खुशीत होत्या. मी दुसरं पान उलटलं तर बारीक अक्षरात वर्षाची फी, कॉलेज प्रायव्हेट होतं. चेहराच उतरला त्यांचा. म्हणून कळकळीने सांगते, एजंटला पैसे द्यायच्या आधी कॉलेज सरकारी की प्रायव्हेट ते विचारा आणि फीचं पान युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर स्वतः उघडून बघा.