पहार आडवी टाकली म्हणजे झालं? 'परभणीकर' यांना उत्तर

राम राम. ट्रक-ट्रॉलीच्या मोठ्या टायरांत हवा भरताना काय सांभाळावं, यावर मी लिहिलं. या चाकांत टायर डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागावर, चढवून बाहेरून सुटी लोखंडी रिंग बसवतात. हवा भरताना ती उडाली तर माणूस जातो, म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: "एसीत बसून गोरगरिबाला शहाणपण शिकवू नका. आमच्याकडं रिंगवर पहार आडवी टाकतात, काही होत नाही. पिंजरा परवडत नाही. आणि आता सगळं ट्यूबलेस झालंय."

एसीचं आधी बोलतो. सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात मी वाढलो आणि आजही पोट त्याच धंद्यावर आहे. माझ्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं असतं, तर आनंदानं बोललो असतो. माणूस माहीत नसताना त्याची लायकी काढायची, ही कुठली रीत? पिंजरा टपरीवाल्याला महाग पडतो, एवढं मात्र मान्य.

आता पहार. 10.00-20 मापाच्या ट्रकच्या टायरात 100 पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला 45 किलोंचा रेटा. रिंगचा काठ दीड इंचाचा धरला, तरी सगळा मिळून शंभरेक चौरस इंच भरतो. म्हणजे साडेचार टन रेटा रिंगला बाहेर ढकलतोय आणि तिला अडवून धरलंय ते डिस्कच्या खाचेत बसणाऱ्या लॉकनं, म्हणजे दुसऱ्या बारीक कड्यानं. खाच गंजलेली असेल, लॉक वाकलेलं असेल किंवा एका डिस्कवर दुसऱ्या मापाची रिंग चढवली असेल, तर लॉक अर्धवटच बसतं. वरून बघाल तर नीट बसल्यासारखं वाटतं.

पहार रिंगला दोनच जागी टेकते. लॉकचं कडं मुळातच एका ठिकाणी कापून उघडं ठेवलेलं असतं. ते भलत्याच बाजूनं निसटतं आणि रिंगसोबत पहारही उडते. काही जण रिंगची बाजू जमिनीकडं करून हवा भरतात. ते त्याहून वाईट. अख्खं चाक वर उसळतं आणि वर वाकलेला असतो तो हवा भरणारा पोरगा. लॉक जरा वर दिसलं की हवा चालू असतानाच घणाचा ठोका घालतात, तेव्हा तर त्याचं डोकं थेट रिंगच्या समोर असतं.

पिंजरा नाही, तर निदान एवढं करा. डिस्कची खाच तारेच्या ब्रशनं उघडी लख्ख करा. चीर गेलेली किंवा वाकलेली रिंग भंगारात टाका, वेल्डिंग करून परत वापरू नका. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, ऑइल किंवा डिझेल नको. आधी चार-पाच पौंडच हवा भरा आणि लॉक चहूबाजूंनी बघा. कुठं वर आलं असेल तर वाल पिन (हवा भरायच्या तोंडातली पिन) काढून सगळी हवा सोडा, मगच हात लावा. पुढची हवा भरताना नळीला वालवर पकडून बसणारी क्लिप हवी, मीटर नळीच्या या टोकाला हवा आणि नळी दहा-बारा फूट लांब हवी. उभं राहायचं ते टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या बाजूला, रिंगसमोर कधीच नाही. हा खर्चही परवडत नाही म्हणाल, तर मला पटणार नाही.

ट्रकच्या ट्यूबलेसला सुटी रिंग नसते हे खरं, पण साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांची आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची चाकं बघून या. रिंग कुठं गेली नाही. शिवाय कमी हवेवर पळालेल्या रेडियल टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा तुटलेल्या असतात. त्यात पुन्हा हवा भरली, की बाजू चेन उघडावी तशी फाटते. तिथं ना रिंग, ना लॉक, तरी माणूस जातो.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी तुमच्या नेहमीच्या दुकानात एक विचारून या: जोडचाक (शेजारी-शेजारी लावलेली दोन चाकं) खोलताना नटाला पाना लावायच्या आधी दोन्ही टायरांची हवा सोडतात का? आतल्या चाकाची तडकलेली रिंग कित्येकदा त्या नटांच्याच दाबावर अडकून असते.