विहीर उपसून जमिनीतले विष जात नाही

कारखान्याच्या सांडपाण्याने नासलेल्या विहिरीवर घरगुती उपाय सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्याचे म्हणणे असे: विहीर दोन-तीनदा तळापर्यंत उपसावी, एक पावसाळा जाऊ द्यावा, मग तुरटी फिरवावी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर आकडा ५००च्या आत आला की पाणी निर्धोक, जमीन ही निसर्गाची गाळणी आहे, आणि कारखाना बंद पडला असेल तर चिंताच नको. जळगावजवळच्या औद्योगिक वसाहतीला लागून शेती असलेल्या माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘आता टँकर बंद, मोटार चालू.’ त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत घातक सल्ला उपशाचा आहे. विहिरीत दिसते ते पाणी म्हणजे भूजलाचा उघडा पडलेला लहानसा भाग. ते उपसले की पातळी खाली जाते आणि भोवतालचे भूजल, म्हणजे कारखान्याच्या बाजूचे दूषित पाणीसुद्धा, विहिरीकडे ओढले जाते. उपसलेले पाणी नाल्यात किंवा शेतात सोडले तर ते पुन्हा मुरते. भूजल स्वच्छ करण्यासाठी उपसा करतात हे खरे, परंतु तो प्रवाहाची दिशा मोजून, ठरावीक विंधणविहिरींतून, बाहेर काढलेल्या पाण्यावर प्रक्रिया करून वर्षानुवर्षे चालतो. आणि पंप थांबवल्यावर मातीला चिकटलेला अंश सुटून प्रमाण पुन्हा वाढल्याचे अनेकदा आढळते. पावसाळ्याचेही तसेच: कारखान्याच्या आवारात गाळ पुरलेला असेल तर मुरणारा पाऊस तोच गाळ धुऊन खाली नेतो.

कारखाना बंद म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे प्रकरण वाचावे. तेथे रंगउद्योगाला लागणारे एच-ॲसिड बनवणारे कारखाने १९८८च्या सुमारास सुरू झाले आणि १९८९ मध्ये ते उत्पादन बंदही झाले. एवढ्या अल्प काळात विहिरींचे पाणी काळपट, पिण्यास अयोग्य झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी असा निकाल दिला; ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने काढलेला सुधारणेचा ३७.३८५ कोटी रुपयांचा खर्च चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश मात्र २०११ मध्ये झाला. उत्पादन बंद झाल्यापासूनच्या बावीस वर्षांत पावसाळे काही कमी पडले नव्हते.

गाळणीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावेच लागेल. वाळू-मातीच्या थरांत बरेचसे जिवाणू अडतात, आणि सांडलेले डिझेल मातीतील सूक्ष्मजीव हळूहळू पचवतात. पण तापीकाठचा गाळाचा पट्टा वगळला तर खान्देशाचा मोठा भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, वसलेला आहे, जेथे पाणी भेगांमधून वाहते आणि गाळले जाण्यास फारसा वाव नसतो. धातूंना मुलामा देण्याच्या कामातून येणारे षट्‌संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे विषारी रूप) तर पाण्यात विरघळून लांबवर जाते आणि अल्प प्रमाणात रंगानेही ओळखू येत नाही.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो, एवढेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, तर क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपर्यंतच, म्हणजे त्याचा दहा हजारावा भाग. तो फरक या मीटरला दिसणारच नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले षट्‌संयुजी क्रोमियम बसत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि धातूंचे प्रमाण उलट वाढते.

‘पर्यावरण मंजुरी होती, म्हणजे भूजल तपासलेले असणारच’ असेही संदेशाच्या शेवटी आहे. या मंजुरीसाठी २००६च्या अधिसूचनेनुसार केला जाणारा पर्यावरण आघात अहवाल प्रकल्प उभा राहण्यापूर्वीचा अंदाज असतो, आणि सर्वच उद्योगांना तो लागतही नाही.

मामांनी मोटार बंदच ठेवावी, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि नेहमीच्या तपासणीवर न थांबता क्रोमियम, शिसे व निकेल यांची तपासणी लेखी मागावी. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावी.