कागदांचा बागुलबुवा? ‘पुण्याहून इंदूरला येताना’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘पुण्याहून इंदूरला येताना’ या स्थलांतराचे तोटे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण इतक्या विस्ताराने लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. घटनेने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिलेला असताना मी डोमिसाइल (राज्याचा अधिवास दाखला), जातीचा दाखला, गाडीची नोंदणी असा कागदांचा बागुलबुवा उभा केला. कमी घरभाडे, स्वच्छता, रोजच्या प्रवासातला वाचणारा वेळ हे उघड फायदे चार ओळींत उरकले. आणि जे शहर होळकरांनी वाढवले तिथे मराठी माणसाला उगाच परके ठरवले. “होळकरांनी कुठला अधिवास दाखला काढला होता?” हे वाचून मी मनापासून हसले. (मल्हाररावांजवळ पेशव्यांची सनद होती, कागद त्यांनाही चुकला नव्हता.) पण शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की मुलगी आठवीत आहे आणि येत्या जूनमध्ये आपण सहकुटुंब इकडे येत आहात. हे उत्तर लांबते आहे ते त्या एका वाक्यामुळे.

आधी हक्काचे पाहू. कलम 19 प्रमाणे भारतात कुठेही राहता आणि स्थायिक होता येते, याबद्दल दुमत नाही. मात्र राहण्याचा हक्क मिळाला की त्या राज्याच्या सवलतींवरचाही हक्क मिळतो, हे आपण गृहीत धरले आहे आणि आपले-माझे मतभेद तिथेच आहेत. कलम 15 मध्ये जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, परंतु त्या यादीत वास्तव्याचा उल्लेख नाही. योगायोग असा की या मुद्द्यावरचा एक जुना आणि महत्त्वाचा निकाल आमच्या इंदूरचाच आहे. इथल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेतली जाई आणि रहिवाशांना ती माफ असे. दिल्लीच्या डी. पी. जोशी नावाच्या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. 1955 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की वास्तव्य म्हणजे जन्मस्थान नव्हे, आणि फी कायम राहिली. पुढे 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने आपण म्हणता तोच विचार मांडला, की या देशात अधिवास एकच आणि तो भारताचा. तरीही एमबीबीएसच्या प्रवेशात राज्यातील रहिवाशांना मर्यादित प्राधान्य देणे त्याच निकालाने वैध धरले. जानेवारी 2025 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचे असे आरक्षण घटनाबाह्य ठरले, एमबीबीएसचे मात्र तसेच आहे. तत्त्व आपल्या बाजूचे आहे, पण प्रवेशाची यादी तत्त्वावर लागत नाही.

माझ्या लेखाचा गाभा एवढाच होता की स्थलांतराचे सगळे तोटे एका तागडीत टाकू नयेत. काही तोटे पैसे भरून मिटतात. काही तोटे मिटायला वर्षे जावी लागतात आणि मुलांच्या बाबतीत ती वर्षे हाताशी नसतात. घरभाड्यातली बचत या दुसऱ्या प्रकारच्या तोट्यासमोर मांडता येत नाही, म्हणूनच तिला मी चार ओळी दिल्या.

आमच्या कॉलनीतल्या एका घरचे उदाहरण सांगते. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. मुलाची नववी पुण्यात झाली आणि वडिलांना इथे चांगली नोकरी मिळाली म्हणून मंडळी आली. दहावी आणि बारावी इंदूरच्या शाळेतून, गुण उत्तम, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकालही चांगला. काउन्सेलिंगच्या वेळी त्याच्या आईने माझ्यासमोर दोन फायली उघडल्या. एकीत महाराष्ट्राचा अधिवास दाखला, दुसरीत इंदूरच्या गुणपत्रिका. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. बदलीवर गेलेल्या काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सूट आहे, खासगी नोकरीवाल्यांना नाही. मध्य प्रदेशच्या कोट्यासाठी इथले मूल निवासी प्रमाणपत्र (इथला अधिवास दाखला) हवे आणि तेवढे सलग वास्तव्य त्यांचे झाले नव्हते. पहिल्या फाइलीतला कागद दुसऱ्या फाइलीमुळे बाद, आणि दुसरीतला पहिलीमुळे. मुलगा ना घरचा राहिला ना घाटचा. त्याच्यापुढे देशपातळीवरच्या 15 टक्के जागा होत्या किंवा भरमसाट फीची खासगी महाविद्यालये. त्या आईने विचारले, “आम्ही फसवणूक तर काही केली नाही ना?” काहीच केली नव्हती. चुकीच्या इयत्तेत घर बदलले, एवढेच.

हे वाचून सगळीकडे असेच असते असे मात्र समजू नये; अभियांत्रिकीत चित्र पुष्कळ सौम्य आहे. एनआयटीच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून, डोमिसाइलवरून नव्हे. त्यामुळे इंदूरहून बारावी झालेल्या पुणेकर मुलीला भोपाळच्या मॅनिट या एनआयटीमध्ये मध्य प्रदेशची म्हणून जागा मिळू शकते. नागपूरच्या व्हीएनआयटीत मग ती बाहेरची ठरते. महाराष्ट्राच्या सीईटीतून होणाऱ्या अभियांत्रिकी प्रवेशात आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर बाहेर शिकलेल्या मुलांनाही वाट आहे. आयआयटीला राज्य कोटा नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

जातीच्या दाखल्यावर आपण “हल्ली सगळे ऑनलाइन होते” एवढेच लिहिले आहे. अर्ज ऑनलाइन होतो, हक्क होत नाही. 1990 च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात, आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातील मुलाला वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा लाभ मिळाला नाही. एका राज्याच्या यादीतला दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही, मग ती जात तिथल्या यादीत असली तरीही, असे न्यायालयाने ठरवले आणि 2018 च्या बीर सिंग निकालात तेच कायम केले. केंद्राच्या परीक्षांत आणि ऑल इंडिया कोट्यात मूळ राज्याचा दाखला चालतो. मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत किंवा राज्याच्या जागांवर चालत नाही. आपल्याला हा मुद्दा लागू नसेल, पण माझा लेख वाचणाऱ्या अनेकांना लागू आहे आणि त्यांच्यासाठी तो घरभाड्याहून कितीतरी मोठा आहे.

गाडीचा प्रश्न मात्र खरोखरच पैशांचा आणि हेलपाट्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घ्यावा लागतो. पुण्याच्या आरटीओची एनओसी आणायची, कर्ज असेल तर बँकेचीही, इथला कर भरायचा आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करून वाट पाहत बसायचे. नवी गाडी घेणारच असाल आणि आपल्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर 2021 पासून सुरू झालेली बीएच ही राज्य बदलले तरी चालणारी क्रमांकांची मालिका पाहा. तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

आता फायदे. सुपर कॉरिडॉरवर नोकरी आणि घर जवळ, असे जमले तर हिंजवडीच्या मानाने रोजचा बराच वेळ हाती उरेल, हे मान्य. स्वच्छतेबद्दल 2017 पासून सलग सात वर्षे इंदूर देशात पहिले आले, आणि हे केवळ पाटीवर नाही: सकाळी गाडी दारात येते आणि ओल्यात सुके मिसळलेले दिसले तर मदतनीस बादली परत हातात देतो. पहिल्या आठवड्यात राग येतो, नंतर सवय होते. पण नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढावर उपसून आणावे लागते आणि अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येते, हे घर पाहताना घरमालक सांगेलच असे नाही. टाकी केवढी आणि बोअरिंग आहे का, हे आपणच विचारा. घर विकत घेण्याचा विचार असेल तर आणखी एक हिशोब आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि वर नोंदणी फी. इथे रजिस्ट्रीचा एकूण खर्च साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो, स्त्रीच्या नावावर घेतल्यास थोडा कमी. आई-वडील पुण्यातच राहणार असतील तर रेल्वेचा नकाशाही पाहून ठेवा. थेट मार्ग नसल्याने पुण्याची गाडी रतलाम, बडोदे, वसई असा वळसा घालते. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, पण येत्या जूनमध्ये आपल्याला रात्रीची बसच धरावी लागेल.

मराठीपणाबद्दल आपण म्हणता ते निम्मे खरे आहे. 2001 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले, ‘सानंद’ या संस्थेच्या नाटकांना सभागृह भरते, गणपतीत आरती कुठल्याही मराठी गल्लीसारखीच होते. घरात, देवळात, नाट्यगृहात मराठी आहे. वर्गात ती जवळजवळ नाही. माझ्या पिढीतली अनेक मंडळी उत्तम मराठी बोलतात आणि मराठी पुस्तक हातात दिले की ठेचकाळतात. लिपी एकच असल्यामुळे आई-वडिलांना वाटते की मूल वाचते आहे. ते अक्षरे वाचत असते. आपली मुलगी आठवीपर्यंत मराठी शिकली आहे, तिची भाषा पक्की झाली आहे. धाकटे भावंड असेल तर ते घरी शिकवण्याची तयारी ठेवूनच निघा.

यावरून मी “येऊ नका” म्हणते असा अर्थ आपण काढलात, तो माझ्या लेखात नाही. मुलीला वैद्यकीयकडे जायचे आहे का, हे तिला या सुट्टीत विचारा. आठवीत पक्के उत्तर मिळणार नाही, पण कल कळेल. तसा कल असेल, तर दहावी-बारावी पुण्यातून होईपर्यंत तिने आणि तिच्या आईने तिथे राहावे व आपण एकट्याने यावे, हा महागडा पण सुरक्षित मार्ग आहे. कल अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा कायद्याकडे असेल तर नववीच्या सुरुवातीला येणे सर्वांत बरे, दहावीच्या तोंडावर नव्हे. आणि यायचे ठरलेच, तर भाडेकरार पहिल्या महिन्यापासून नोंदणी केलेला आणि आपल्या नावाचा करा, शाळेचे दाखले, वीजबिले जपून ठेवा. पुढे मूल निवासीचा अर्ज करताना सलग वास्तव्य याच कागदांवरून सिद्ध करावे लागते. कोणत्या भागात घर पाहता आहात ते कळवा, तिथल्या पाण्याची वेळ विचारून सांगेन.