तीन कोटी परदेशवाऱ्यांचा मेसेज: जरा हिशोब मांडू

सांगलीतल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वर्षाला तीन कोटी भारतीय परदेशात मौजमजा करतात, कर्ज काढून देशाचा पैसा बाहेर उधळतात आणि आपलं महाबळेश्वर, कास ओस पडतं.’ यात नाहक बोल लागतोय तो आपल्याच गल्लीतल्या माणसांना, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन कोटींचा आकडा खोटा नाही. २०१९ मध्ये तो २ कोटी ६९ लाख होता, २०२४ मध्ये ३ कोटींच्या वर गेला. पण ही मोजणी देशाबाहेर पडण्याची आहे, सहलीची नव्हे. एकच माणूस वर्षात तीनदा गेला तर तीन धरतात. सुटी संपवून दुबईला कामावर परतणारा फिटर त्यात आला. हजला निघालेलं मिरजेचं जोडपंही आलं. २०२४ मध्ये भारताचा हजचा कोटाच पावणेदोन लाखांचा होता. आणि लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारी आईसुद्धा त्यातच. विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू अशाच गेल्या. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट भरून झाल्यावर बॅग तेवीस किलोच्या वर जायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या दोन साड्या काढल्या, लाडवांना हात लावू दिला नाही. सरकारी तक्त्यात काकू तीन कोटींतल्या एक आहेत. त्यांनी कसली मौजमजा केली?

आता पैशाचं. भारतात राहणाऱ्यांना परदेशात पैसे पाठवायची मुभा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली २०२३-२४ मध्ये प्रवासापोटी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर गेले. रक्कम मोठीच आहे, शिवाय परदेशात क्रेडिट कार्डावर केलेला खर्च त्यात धरलेला नाही. पण मेसेजवाल्याने जमेची बाजू लिहिलीच नाही. २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांकडून भारताला सुमारे २८ अब्ज डॉलर मिळाले. परदेशातल्या आपल्या माणसांनी २०२४ मध्ये घरी धाडलेला पैसा तर जागतिक बँकेच्या अंदाजाने १२९ अब्ज डॉलरच्या घरात आहे. काकूंच्या लेकीसारख्यांचाच हा पैसा. नुसता खर्चाचा रकाना दाखवून कुणाला देशबुडवे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

महाबळेश्वर ओस पडल्याचं लिहिणाऱ्याने दिवाळीच्या सुटीत वाईहून पसरणी घाट चढून बघावा. २०२३ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी सुमारे २५० कोटी नोंदल्या गेल्या. कासला फुलं तुडवली जायला लागली म्हणून हंगामात रोज तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. तिथला प्रश्न गर्दीचा आहे.

राहिलं कर्ज. हप्त्यावर सहल काढू नये, हे मलाही पटतं, मग ती सहल गोव्याची असो नाहीतर बँकॉकची. पण परदेशी जाणारा प्रत्येक जण कर्जबाजारी, हे कुठून आलं? थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केला, पाठोपाठ डिसेंबरपासून मलेशियाने. कागदपत्रांची कटकट आणि व्हिसाची फी वाचली, तशा तासगाव-विट्याकडच्या भिशीतल्या बायकाही निघायला लागल्या. वर्षभर भिशीत पैसे टाकायचे, पासपोर्ट काढायचा आणि पन्नाशीत पहिल्यांदा विमानात बसायचं. तो पैसा त्यांचा स्वतःचा आहे आणि कुठे फिरायचं हे ठरवायचा हक्कही त्यांचाच.