‘मलमपट्टी’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

२००१ च्या गुजरातच्या भूकंपात तडे गेलेल्या, कच्छमधील गांधीधामच्या एका व्यापारी संकुलाच्या मजबुतीकरणावर मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, ‘खांबांना जॅकेट चढवणे (जुन्या खांबाभोवती सळया आणि काँक्रीटचे नवे आवरण देणे) ही निव्वळ मलमपट्टी, बडोद्यात बसून व्यापाऱ्यांच्या सोयीचे सल्ले देणे सोपे असते.’ मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु स्वतःचे नाव न देता दुसऱ्याच्या हेतूवर शंका घेणे सभ्यपणाचे नव्हे. लेखात खर्चाचा अंदाज नव्हता, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे.

आता ‘मलमपट्टी’विषयी. त्या इमारतीच्या तळमजल्यावर पुढे सगळी शटरे आणि मागे सलग विटांची भिंत होती. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहिले, सगळी हालचाल खालच्या खांबांवर आली आणि मागची बाजूच ताठ असल्याने इमारत पिळलीही. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक इमारती कोसळल्या, त्यांतही मोकळा तळमजला हे मोठे कारण होते. आम्ही खांबाचे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, फोडले तेव्हा उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके ९० अंशांतच वळवलेली आणि उघडलेली दिसली. ती १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात रुतवलेली असती, तर अशी सुटली नसती.

अशा खांबाच्या तड्यांत इपॉक्सी (चिकट रसायन) भरून वर प्लास्टर केले, तर त्याला खुशाल मलमपट्टी म्हणा. जॅकेटिंगमध्ये जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत करतात, स्लॅबला भोके पाडून नव्या सळया सलग वर नेतात, खाली इमारतीच्या पायामध्ये पक्क्या करतात, जवळजवळ रिंगा बांधतात आणि किमान १०० मिलिमीटर जाडीचे नवे काँक्रीट ओततात. शिवाय मागच्या भिंतीशी तोल साधण्यासाठी दर्शनी बाजूला शिअर वॉल, म्हणजे आडवे धक्के झेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, घातल्या, त्यापायी रस्त्यावरची दुकाने बंद झाली आणि जिना हलवावा लागला. व्यापाऱ्यांची सोय पाहणारा माणूस असे सुचवेल काय?

त्या वर्षी भचाऊ-गांधीधामचे ढिगारे मी स्वतः पायी फिरून पाहिले आहेत. आपण कोणता खांब फोडून पाहिला, हे आपल्या प्रतिक्रियेत कोठेही नाही.

पाया, जमीन आणि ‘पाडून नवे बांधा’ हे आपल्या प्रतिक्रियेतले उरलेले मुद्दे सर्वसाधारण आहेत. त्यांसाठी जुन्या काँक्रीट इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी व मजबुतीकरण यांवरचे आयएस १५९८८ हे २०१३ चे भारतीय मानक वाचावे. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आणि एखाद्या खांबाच्या मोजमापासह आली, तर त्यावर अवश्य बोलेन.